रात्रीची फेरी आणि पहिले तीन दिवस : अमेरिकेतल्या काउंटी जेलमधले टाळता येणारे मृत्यू

अमेरिकेतल्या काउंटी जेलमध्ये होणाऱ्या मृत्यूंविषयी वाचकांनी विचारलेले काही प्रश्न इथे घेतले आहेत. काही प्रश्न तिथे राहणाऱ्या किंवा तिथे नातेवाईक असलेल्या मराठी कुटुंबांचे आहेत, काही इथल्या कायद्याच्या आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचे.

प्रश्न : काउंटी जेल म्हणजे आपल्याकडचे जिल्हा कारागृह का? तिथले सुरक्षेचे नियम कोण ठरवते? (कायद्याची विद्यार्थिनी, पुणे)

वरवर पाहता हो, पण कारभार निराळा. आपल्याकडे येरवडा असो की एखादे जिल्हा कारागृह, सगळी राज्याच्या कारागृह विभागाच्या हाताखाली. तिकडे मोठी शिक्षा झालेले कैदी राज्याच्या किंवा केंद्राच्या तुरुंगात जातात, त्याला ‘प्रिझन’ म्हणतात. ‘जेल’ असते काउंटीचे, म्हणजे राज्यातल्या आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचे, आणि बहुतेक ठिकाणी ते शेरीफच्या ताब्यात. आपल्याला शेरीफ म्हटले की मुंबईचे नगरपाल आठवतात, ते नुसते मानाचे पद. तिथला शेरीफ निवडणूक जिंकून येतो आणि पोलीस व तुरुंग दोन्ही त्याच्या हातात असतात. अशी सुमारे तीन हजार जेल देशभर आहेत. आतले बहुतेक जण कच्चे कैदी : जामिनाचे पैसे नाहीत म्हणून किंवा तारखेची वाट बघत अडकलेले. उरलेले साधारण वर्षाच्या आतली शिक्षा भोगणारे.

अमेरिकेच्या न्याय खात्याच्या सांख्यिकी विभागाने २०१९ साली स्थानिक जेलमधल्या १,२०० मृत्यूंची नोंद केली. सर्वांत मोठे एकच कारण आत्महत्या, साधारण तीस टक्के. मेलेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक जणांवर गुन्हा शाबीत झालेला नव्हता. हा आकडा वाचून पुढे जाऊ नका. न्यायालयाने दोषी न ठरवलेला माणूस सरकारच्या कुलपाआड मरतो, एवढे एक वाक्य लक्षात ठेवले तर पुढचे सगळे नियम कशासाठी आहेत ते कळते.

देशभर बंधनकारक असे एकच मानक नाही. टेक्सासमध्ये १९७५ पासून जेल मानक आयोग आहे. तो काउंटीच्या जेलची तपासणी करतो आणि नियम मोडले तर तसे जाहीर करतो. कॅलिफोर्नियात एक राज्य मंडळ किमान मानके ठरवते. न्यूयॉर्कमध्ये राज्य आयोग आहे. सगळ्याच राज्यांत अशी दात असलेली यंत्रणा नाही. वैद्यकीय सेवेसाठी एका राष्ट्रीय आयोगाची मानके आहेत, ती चांगली आहेत, पण ऐच्छिक. त्याशिवाय उरते न्यायालय. ‘एस्टेल विरुद्ध गॅम्बल’ या १९७६ च्या निकालाने सांगितले की कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून काणाडोळा करणे ही घटनेत मनाई असलेली क्रूर शिक्षा आहे. कच्च्या कैद्याला तर कसलीच शिक्षा देता येत नाही, हे १९७९ च्या ‘बेल विरुद्ध वुल्फिश’ने स्पष्ट केले. न्यायालयाची अडचण अशी की ते बहुधा माणूस गेल्यावर बोलते.

प्रश्न : दर तासाला फेरी होते म्हणतात. मग एखादा रात्री मेलेला थेट सकाळी नाश्त्याच्या वेळी कसा सापडतो? (ह्यूस्टन)

फेरी होते, पण बघितले जात नाही, म्हणून.

टेक्सासचा नियम मोघम नाही. प्रत्येक कैद्याला ६० मिनिटांत किमान एकदा समोरासमोर पाहायचे आणि त्याची नोंद करायची. आत्महत्येचा धोका असलेले, मानसिक आजार असलेले, हल्ला करू शकणारे किंवा विचित्र वागणारे कैदी जिथे असतील तिथे ३० मिनिटांत. ४८ कैद्यांमागे एक रखवालदार. कॅलिफोर्नियातही साध्या कोठडीत तासाला एकदा, दारू उतरेपर्यंत ठेवतात त्या कोठडीत अर्ध्या तासाला, आणि स्वतःला इजा करू पाहणाऱ्याच्या विशेष कोठडीत अर्ध्या तासात दोनदा.

आता ही फेरी प्रत्यक्षात कशी बिघडते ते पाहा. रात्रीचे तीन वाजलेत, दिवे मंद आहेत, माणूस भिंतीकडे तोंड करून डोक्यावर पांघरूण घेऊन पडला आहे. रखवालदार चालत्या पायाने दाराच्या काचेतून आत नजर टाकतो, ‘माणूस आहे, झोपलाय’ असे मनाशी म्हणतो आणि दारापाशी लावलेल्या इलेक्ट्रॉनिक बटणाला काठी टेकवून पुढे जातो. यंत्रात नोंद चोख पडली : फेरी वेळेवर. पण त्या यंत्राने रखवालदार दारापाशी आला होता एवढेच सिद्ध होते. आतला माणूस जिवंत होता, हे नाही. कॅलिफोर्नियाच्या राज्य लेखापरीक्षकांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये सॅन डिएगो काउंटीचा अहवाल दिला. २००६ ते २०२० या काळात तिथल्या जेलमध्ये १८५ माणसे मरण पावली होती. चित्रीकरण तपासल्यावर काही कर्मचारी कोठडीत सेकंदभर, चाल न थांबवता डोकावताना दिसले.

खरी फेरी म्हणजे थांबणे. छाती वरखाली होते का, ते पाहायचे. पांघरुणामुळे दिसत नसेल तर टॉर्च, तरीही कळत नसेल तर हाक, दारावर टकटक, आणि काहीतरी हालचाल किंवा उत्तर मिळेपर्यंत तिथून हलायचे नाही. झोपमोड होते म्हणून कैदी चिडतात, शिव्याही देतात. अफूजन्य पदार्थाच्या अतिसेवनात माणूस घोरल्यासारखा आवाज काढतो. तो गाढ झोपेचा आवाज समजला जातो, वास्तविक श्वासनलिका बंद होत आल्याचे ते लक्षण. ओठ निळसर, श्वास मिनिटाला दहाबारापेक्षा कमी, हलवूनही जाग नाही, असे असेल तर नाकात नॅलोक्झोनचा, म्हणजे अफूजन्य नशेचा असर उतरवणाऱ्या औषधाचा फवारा, कृत्रिम श्वास आणि रुग्णवाहिका. हा फवारा नर्सच्या कुलूपबंद कपाटात असेल तर त्याचा उपयोग नाही. तो रखवालदाराच्या कमरेला किंवा बराकीत हाताशी हवा.

दुसरी खोड नोंदवहीची. कर्मचारी कमी, पाळी बारा तासांची, ओव्हरटाइम सक्तीचा. मग पाळीच्या शेवटी सगळ्या फेऱ्यांच्या वेळा एकदम लिहिल्या जातात. १:००, २:००, ३:०० अशा गोल वेळा ओळीने दिसल्या की समजावे. खऱ्या फेऱ्या १२:५४, १:४१, २:३७ अशाच पडतात. म्हणून पर्यवेक्षकाने आठवड्यातून काही फेऱ्या निवडून नोंद आणि कॅमेऱ्याचे चित्रण शेजारी ठेवून पाहायला हवे. ही तपासणी होते हे कर्मचाऱ्यांना माहीत असले की निम्मे काम होते.

प्रश्न : अमेरिकेत जेल नर्स म्हणून काम करण्याचा विचार आहे. दाखल करतानाच्या तपासणीत सगळ्यात महत्त्वाचे काय? (नागपूर)

पहिली गोष्ट म्हणजे कुणाला आत घ्यायचे नाही, हे. बेशुद्ध, नीट उभा न राहणारा, डोक्याला मार लागलेला, छातीत दुखणारा, झटके आलेला माणूस पोलिसांनी आणला तर त्याला आधी रुग्णालयात न्यायला सांगायचे. रुग्णालयाचा ‘कोठडीत ठेवण्यास हरकत नाही’ हा कागद आला तरी तुमची तपासणी टळत नाही. तो कागद त्या तासापुरता असतो. चार तासांनी माणसाची प्रकृती वेगळी असू शकते.

मग प्रश्नावली. आता घेत असलेली औषधे आणि शेवटचा डोस कधी. दारू रोज किती आणि शेवटची कधी. कोणती नशा, किती, शेवटची कधी. पूर्वी दारू सोडताना झटके किंवा भ्रम झाला होता का. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न, आता तसे विचार, जवळच्या कुणाचा अलीकडे मृत्यू. गरोदरपण. ‘शेवटचे कधी’ हा प्रश्न लोक गाळतात, आणि घड्याळ तर तिथूनच सुरू होते. मधुमेही माणूस इन्सुलिन घेत असेल तर आल्यापासून एक ते दोन तासांत बोटातून साखर तपासावी, अशी अमेरिकन मधुमेह संघटनेची शिफारस आहे. टाइप १ च्या रुग्णाचे इन्सुलिन थांबले की एकदोन दिवसांत, कधी त्याहून लवकर, रक्त आम्लयुक्त होते. तो उलट्या करतो, पोटात दुखते म्हणतो, भराभर खोल श्वास घेतो, आणि ‘नशा उतरतेय’ म्हणून त्याला पडू दिले जाते. उलट्या करणाऱ्या प्रत्येकाची साखर तपासा. अर्ध्या मिनिटाची चाचणी आहे.

प्रश्न कुठे विचारता यालाही महत्त्व आहे. काउंटरवर, मागे रांग, शेजारी अटक करणारा पोलीस उभा, अशा जागी कुणीही ‘मला मरावेसे वाटते’ म्हणणार नाही. आवाज जाणार नाही इतके अंतर हवे. त्याच पोलिसालाही विचारा : गाडीत काही गिळले का, काही बोलला का, घरच्यांनी काही सांगितले का. नशेत असलेल्याने सगळ्याला ‘नाही’ म्हटले तर तो फॉर्म पूर्ण झाला असे धरू नका. शुद्धीवर आला की पुन्हा बसवा. उत्तर द्यायला नकार हे ‘धोका नाही’ असे उत्तर नव्हे. उलट अशा माणसावर जास्त लक्ष हवे.

आणि फॉर्म भरून काम संपत नाही. २०१५ च्या जुलैत टेक्सासच्या वॉलर काउंटी जेलमध्ये सँड्रा ब्लँड या २८ वर्षांच्या तरुणीचा अटकेनंतर तीन दिवसांत मृत्यू झाला. रस्त्यावर गाडीची मार्गिका बदलताना इशारा दिला नाही, एवढ्यावरून ते प्रकरण सुरू झाले होते. आधीच्या वर्षी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे दाखल होतानाच्या कागदावर नोंदलेले होते, तरी त्यानुसार देखरेख वाढली नाही. मृत्यू आत्महत्या ठरवला गेला. टेक्सासच्या जेल मानक आयोगाने जेलवर दोन ठपके ठेवले : कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा पुरावा नाही आणि तासाच्या समोरासमोरच्या फेऱ्या नाहीत. त्यांच्या नावाने २०१७ साली टेक्सासने कायदा केला. मानसिक आजाराची विश्वासार्ह माहिती मिळाली की शेरीफने १२ तासांत न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचे, पूर्वी ही मुदत ७२ तास होती. मानसोपचार तज्ज्ञ चोवीस तास, निदान व्हिडिओवर तरी उपलब्ध हवा. धोक्याच्या कैद्यांच्या फेऱ्यांची नोंद सेन्सर किंवा कॅमेऱ्याने व्हावी. मृत्यूचा तपास त्याच शेरीफने नव्हे, बाहेरच्या पोलीस यंत्रणेने करावा.

तेव्हा तुम्ही नर्स म्हणून गेलात तर ‘हो’ असलेल्या प्रत्येक उत्तरापुढे लिहा : कुणाला सांगितले, किती वाजता, त्याने काय केले. ही तीन घरे रिकामी असलेला फॉर्म म्हणजे पाकिटात बंद पडलेले पत्र.

प्रश्न : दारू किंवा ड्रग्ज सुटल्याने खरेच माणूस मरतो का? दोनतीन दिवस त्रास होतो आणि निघून जातो, असे ऐकले आहे. (कोल्हापूर)

मरतो. हा गैरसमज जेलच्या कर्मचाऱ्यांमध्येही आहे आणि त्याने बळी गेले आहेत.

दारूचे आधी. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की साधारण ६ ते २४ तासांत हात कापू लागतात, घाम येतो, नाडी वाढते. ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. ४८ ते ९६ तासांत सर्वांत घातक टप्पा येतो : भ्रम, नसलेली माणसे दिसणे, ताप, रक्तदाब चढणे. शुक्रवारी संध्याकाळी अटक झालेल्या माणसाचा हा टप्पा रविवार-सोमवारी पडतो, म्हणजे वैद्यकीय कर्मचारी सर्वांत कमी असतात तेव्हा. तो भिंतीशी बोलतो, दार बडवतो, आणि त्याला ‘दंगा करणारा’ ठरवून वेगळे कोंडतात किंवा बांधतात. आजारी माणसाला शिस्त लावायचा प्रयत्न होतो, तिथेच घात होतो.

मोजमाप साधे आहे. दारूसाठी दहा मुद्द्यांची गुणपट्टी असते : मळमळ, कंप, घाम, चिंता, अस्वस्थता, स्पर्शाचे, आवाजाचे आणि नजरेचे भास, डोकेदुखी, भान. कमाल गुण ६७. आठदहाच्या पुढे गेले की बहुतेक ठिकाणी औषध सुरू करतात, तेही बेंझोडायझेपिन या मेंदू शांत करणाऱ्या गटातले, सोबत थायमिन हे ब जीवनसत्त्व. हे गुण एकदा मोजून भागत नाही, दर काही तासांनी, रात्रीसुद्धा, झोपेतून उठवून मोजायचे. ‘रुग्ण झोपला होता’ म्हणून सोडलेली रात्रीची मोजणी मृत्यूंच्या चौकशीत वारंवार सापडते. आणि भान गेले, फिट आली, ताप चढला तर जेलमध्ये प्रयोग करायचे नाहीत, रुग्णालय.

हेरॉइन किंवा फेंटॅनिलचे वेगळे. हेरॉइनचा त्रास ८ ते २४ तासांत सुरू होतो, दीड ते तीन दिवसांत शिगेला पोचतो. थेट जीव घेते ती उलट्या-जुलाबांनी होणारी निर्जलता आणि क्षार बिघडणे. तरुण, धडधाकट माणूस चारपाच दिवस ओकत राहतो, समोर पेला भरलेला असतो, पोटात काहीच राहत नाही. उपाय आपल्या घरचाच आहे : क्षारसंजीवनी घोट घोट, आणि पोटात टिकत नसेल तर शिरेतून सलाइन. वजन, रक्तदाब आणि लघवी झाली का, हे रोज नोंदवले तरी धोका वेळेत दिसतो.

खरा इलाज मात्र ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन, म्हणजे तलफ आणि त्रास दोन्ही काबूत ठेवणारी औषधे. बाहेर डॉक्टरांच्या सल्ल्याने ही औषधे घेणाऱ्याची औषधे आत आल्यावर तोडणे हा अपंगत्व कायद्याचा भंग ठरू शकतो, असे न्याय खात्याने एप्रिल २०२२ मध्ये स्पष्ट केले. त्याआधी मॅसॅच्युसेट्स आणि मेनमधल्या दोन खटल्यांत न्यायालयांनी काउंटी जेलना औषध द्यायला लावले होते. जून २०२३ मध्ये केंद्रीय संस्थांनी जेलसाठी नशामुक्तीची सविस्तर मार्गदर्शिकाही काढली. म्हणजे कसे करायचे हे माहीत नाही, ही सबब आता उरलेली नाही.

सुटकेच्या दिवसाचीही काळजी घ्यावी लागते. आत काही आठवडे नशा न केल्याने सहनशक्ती उतरते, आणि बाहेर पडून जुनीच मात्रा घेतली की श्वास थांबतो. वॉशिंग्टन राज्यातल्या २००७ च्या एका अभ्यासात तुरुंगातून सुटलेल्यांचा पहिल्या दोन आठवड्यांत अतिसेवनाने मरण्याचा धोका इतर रहिवाशांच्या १२९ पट आढळला. सुटणाऱ्याच्या हातात नॅलोक्झोनचा फवारा आणि दुसऱ्या दिवशीची दवाखान्याची वेळ, दोन्ही हवे.

प्रश्न : आत्महत्येचा धोका असलेल्याचे कपडे काढून त्याला एकटे कोंडतात, असे वाचले. याने उलट त्रास वाढत नाही का? (ठाणे)

वाढतो. जाड, न फाटणारा अंगरखा आणि तसेच पांघरूण देणे धोक्याच्या काही तासांसाठी समजू शकते. पण कपडे काढले, एकटे टाकले आणि ‘काळजी घेतली’ असे मानले, तर ती काळजी नव्हे. एकांत हा स्वतःच धोका आहे. त्यात लाज वाटून कैदी पुढच्या वेळी मनातले सांगत नाही.

मानक असे : ज्याने प्रयत्न केला आहे किंवा जो करण्याच्या बेतात आहे, त्याच्यावर सतत नजर. समोर माणूस बसलेला. कॅमेरा हे त्या माणसाचे काम करू शकत नाही, कारण कॅमेरा दार उघडत नाही. धोका थोडा कमी असेल तर जास्तीत जास्त १५ मिनिटांच्या अंतराने, आणि ते अंतर मुद्दाम अनियमित. १५-१५ मिनिटांचा ठेका धरला की कैद्याला तो पाठ होतो, आणि मेंदूला कायमची इजा व्हायला काही मिनिटेच पुरतात. कोठडीत गाठ अडकेल असे कोपरे, जाळ्या, आकडे नसावेत, हे बांधकाम खात्याचे काम आहे आणि एकदाच करायचे आहे.

केव्हा सावध व्हायचे? पहिले काही दिवस तर आहेतच. जेलमधल्या आत्महत्यांपैकी जवळपास निम्म्या दाखल झाल्यापासून पहिल्या नऊएक दिवसांत होतात. पण उरलेल्या निम्म्या त्यानंतर. न्यायालयातून परतल्यावर, जामीन नाकारल्यावर, घरून फोनवर वाईट बातमी आल्यावर, एकांतात हलवल्यावर पुन्हा विचारायला हवे. न्यायालयातून परत आणणारा कर्मचारी बराकीच्या रखवालदाराला नुसता कागद देतो की ‘आज याला वीस वर्षांची शक्यता सांगितली, गप्प आहे’ असे तोंडाने सांगतो, यावर खूप काही ठरते.

प्रश्न : कैदी आवरत नसेल तर बांधण्यात काय चूक? (सोलापूर)

पालथे पाडून पाठीवर भार देण्यात चूक आहे. पोटावर पडलेल्याचा श्वासपटल दबतो, तो हवेसाठी धडपडतो, आणि ती धडपड ‘प्रतिकार’ समजून आणखी भार टाकला जातो. न्याय खात्याच्या संशोधन संस्थेने १९९५ सालीच सांगितले होते : बेड्या पडल्या की लगेच कुशीवर किंवा बसते करा. ‘श्वास घेता येत नाही’ हे ऐकू आले की सोडा. ‘बोलतोय म्हणजे श्वास चालू आहे’ हा युक्तिवाद खोटा आहे.

बांधायच्या खुर्चीबाबत : नर्सने सुरुवातीलाच तपासायचे, दर पंधरा मिनिटांनी बोटांचा रंग आणि पट्ट्यांचा ताण पाहायचा, ठरावीक वेळाने हातपाय मोकळे करायचे, पाणी आणि शौचाला न्यायचे. शिक्षा म्हणून कधीही नाही. शिक्षा म्हणून कोठडीचे पाणीही बंद करायचे नाही. मिलवॉकी काउंटी जेलमध्ये एप्रिल २०१६ मध्ये मानसिक आजार असलेला एक कैदी कोठडीचे पाणी सात दिवस बंद ठेवल्याने निर्जलतेने मेला. नळ बंद केल्याची नोंद पुढच्या पाळीकडे गेलीच नाही. कोठडीचे पाणी तोडायची वेळ आली तर दारावर मोठी चिठ्ठी, सुरू करायची वेळ लिहिलेली, आणि प्रत्येक फेरीत पेला भरून हातात. एवढ्याने जीव वाचला असता.

प्रश्न : श्रीमंत देश, मग पैसा कुठे अडतो? (बेळगाव)

गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, मेडिकेड, १९६५ पासून कोठडीतल्या माणसाचा बहुतेक खर्च देत नाही. जेलच्या दारात पाऊल पडले की भार काउंटीवर. मग काउंटी ठरलेल्या रकमेत खासगी कंपनीला कंत्राट देते, आणि रुग्णालयात पाठवलेला प्रत्येक रुग्ण हा कंपनीचा तोटा होऊ शकतो. रॉयटर्सने पाचशेहून अधिक मोठ्या जेलची २००८ ते २०१९ ची माहिती गोळा करून २०२० मध्ये छापली. त्यांना ७,५७१ मृत्यू सापडले आणि खासगी कंपन्यांकडे आरोग्यसेवा असलेल्या जेलमध्ये मृत्युदर जास्त दिसला. कंत्राटाचा मसुदा मागवून वाचा, असे आम्ही तिथल्या मराठी मंडळांतल्या लोकांना सांगू. रिकाम्या राहिलेल्या नर्सच्या पाळीला दंड आहे का? रुग्णालयाचा खर्च कुणाकडे? काउंटीच्या बैठकीत कुणीही रहिवासी हे विचारू शकतो.

प्रश्न : माझ्या पुतण्याला डॅलसजवळ अटक झाली आहे. त्याला फिटचा आजार आहे, रोज गोळ्या चालतात. आम्ही सांगलीहून काय करू शकतो?

आजच करा. जेलच्या संकेतस्थळावर कैद्यांच्या यादीत त्याचे नाव शोधा आणि बुकिंग क्रमांक लिहून घ्या. नाव पासपोर्टवर जसे आहे तसे आणि उलटसुलट, दोन्ही प्रकारे पाहा, आपल्याकडे वडिलांचे नाव मधे येते त्याने गोंधळ होतो. मग जेलच्या मुख्य क्रमांकावर फोन करून ‘मेडिकल’ किंवा ‘इनफर्मरी’ मागा. ते म्हणतील, गोपनीयतेमुळे आम्ही काही सांगू शकत नाही. बरोबर आहे, पण ते तुमचे ऐकून घेऊ शकतात. आजाराचे नाव, औषधाचे मूळ घटकनाव, डोस, वेळा, शेवटचा डोस कधी, डोस चुकल्यावर पूर्वी काय झाले, हे सलग सांगा. भारतातले ब्रँडनाव तिथे कुणाला कळत नाही. फोन घेणाऱ्याचे नाव आणि वेळ वहीत लिहा. तेच सगळे इंग्रजीत एका पानावर, डॉक्टरांच्या लेटरहेडवर, ईमेल किंवा फॅक्सने पाठवा आणि पोचले का ते विचारा. तिथे मित्र असतील तर त्यांना मूळ बाटलीसकट औषध घेऊन जायला सांगा. जेल ते घेईलच असे नाही, पण लेबल दाखवता येते.

तो निराश वाटत असेल तर आडवळणाने बोलू नका. आपल्याला तो शब्द तोंडून काढवत नाही, तरी ‘आत्महत्येचा धोका आहे’ असे स्पष्ट इंग्रजीत सांगा. त्या शब्दाने ठरावीक कार्यपद्धती सुरू होते, ‘जरा टेन्शनमध्ये आहे’ याने काहीच होत नाही.

१९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमाने अटक झालेल्या परदेशी नागरिकाला आपल्या वकिलातीला कळवा असे सांगण्याचा हक्क आहे. तो त्याने स्वतः मागायचा असतो, तेव्हा पहिल्या फोनवर त्याला हे सांगा. टेक्सास ह्यूस्टनच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडे येते, तुम्हीही तिथे कळवा. फोनवर प्रकृतीबद्दल हवे तेवढे बोला, गुन्ह्याबद्दल अवाक्षर नाही, कारण कॉल ध्वनिमुद्रित होतात. जामीन भरण्याआधी वकिलाला इमिग्रेशनचा अडसर आहे का, म्हणजे त्या खात्याने त्याला आपल्या ताब्यात मागितले आहे का, ते विचारा, नाहीतर पैसे भरूनही तो दुसऱ्या कोठडीत जातो आणि औषधांची माहिती पहिल्या जेलमध्येच राहते. तसे झाले तर सगळे पुन्हा पहिल्यापासून कळवा. आणि गोळ्या मिळत नाहीत असे तो म्हणाला तर त्याने लेखी तक्रार करून तारीख लक्षात ठेवावी. तुम्ही टेक्सास जेल मानक आयोगाकडे तक्रार करू शकता.

प्रश्न : मृत्यू झालाच तर चौकशी कोण करते? आपल्यासारखी दंडाधिकाऱ्यांची चौकशी असते का? (वकील, औरंगाबाद)

आपल्याकडे कोठडीतला मृत्यू २४ तासांत राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला कळवावा, असा त्या आयोगाचा १९९३ पासूनचा दंडक आहे, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत होती, ती आता नव्या संहितेत आली आहे. अंमल किती, हा निराळा विषय. अमेरिकेत देशभर एकच पद्धत नाही. टेक्सासमध्ये ३० दिवसांत महाधिवक्त्यांकडे अहवाल जातो आणि तपास बाहेरची यंत्रणा करते. वॉशिंग्टन राज्यात अनपेक्षित मृत्यूचा आढावा १२० दिवसांत जाहीर करायचा असतो. कॅलिफोर्नियात मृत्यूची माहिती दहा दिवसांत संकेतस्थळावर टाकावी लागते, आणि जुलै २०२४ पासून कोठडीतल्या मृत्यूंचा आढावा घेणारा स्वतंत्र संचालक आहे.

केंद्राला मृत्यू कळवण्याचा कायदा २००० सालचा, नव्या रूपात २०१३ चा. तरीही सिनेटच्या उपसमितीला सप्टेंबर २०२२ मध्ये आढळले की एकट्या २०२१ या आर्थिक वर्षात किमान ९९० मृत्यू न्याय खात्याच्या मोजणीतून सुटले होते. मोजलेच नाहीत ते मृत्यू पुढच्या वर्षी कसे टाळणार?

कुटुंबाला नुकसानभरपाईचा दावा नागरी हक्कांच्या १९८३ क्रमांकाच्या कलमाखाली लावता येतो. ‘मनेल’ या १९७८ च्या निकालामुळे काउंटीला जबाबदार धरायचे तर एका कर्मचाऱ्याची चूक पुरत नाही, काउंटीचे धोरण किंवा रुळलेली पद्धत दाखवावी लागते. म्हणून फेऱ्यांच्या महिनाभराच्या नोंदी, कर्मचाऱ्यांचा तक्ता, आधीचे मृत्यू, हे सगळे मागवायचे. टेक्सास आणि कॅलिफोर्नियात या दाव्याची मुदत दोन वर्षे. कॅलिफोर्नियात राज्याच्या कायद्याखालचा दावा करायचा तर त्याआधी, मृत्यूपासून सहा महिन्यांत, सरकारकडे अर्ज द्यावा लागतो.

पण मुदतीच्या आधी दोन गोष्टी पहिल्याच दिवशी. वकिलाकडून जेलला लेखी पत्र : चित्रीकरण, फेऱ्यांच्या इलेक्ट्रॉनिक नोंदी, कोठडीतल्या इंटरकॉमचे ध्वनिमुद्रण, औषधांचा तक्ता जपून ठेवा. चित्रीकरणावर काही आठवड्यांत नवे चित्रीकरण चढते आणि मग मागूनही मिळत नाही. दुसरी गोष्ट आपल्या लोकांना फार जड जाते. देह ताब्यात मिळाला की लगेच अग्नी द्यायचा, हीच आपली रीत. तिथे सरकारी शवविच्छेदन होते, पण कुटुंबाला स्वतंत्र डॉक्टरकडून दुसरे करून घेता येते, आणि ते दहनाआधीच होऊ शकते. मायदेशी पाठवण्यासाठी देहावर रसायनांची प्रक्रिया करतात, त्याने रक्ताच्या काही चाचण्या निरुपयोगी होतात. तेव्हा प्रक्रिया करायला होकार देण्याआधी, वैद्यकीय तपासनीसांनी रक्ताचे आणि डोळ्यातल्या द्रवाचे नमुने ठेवले आहेत ना, हे लेखी विचारा. इन्सुलिन मिळाले होते की नाही, पाणी मिळाले होते की नाही, याचे उत्तर बरेचदा त्या डोळ्यातल्या द्रवातच असते.